तीन दुर्बिणी आणि एक हरीण

सौ. लव्होनताईस,

प्रभूच्या कृपेने इकडे सगळे खुशाल आहेत, हरणंसुद्धा. आणि पत्राला कारण तेच. तुझा गुडघा कसा आहे? डेल्मरभाऊजींची शिकार झाली ना? (हे आधी कळव.)

आमच्या चर्चचं हिवाळी जेवण आठ फेब्रुवारीला आहे, आणि साठ माणसांना हरणाचा रस्सा यंदा माझ्याकडे. हे एखादं हरीण मारतील या भरवशावर मी यादीत नाव घातलं. पण आमचे हे ऑगस्टपासून हरणाऐवजी दुर्बिणींच्याच मागे. बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद ओता, वर गोळी ठेवा, गजाने ठासा, आणि बार उडाला की धुरात आपलेच बूट दिसत नाहीत. तिच्यावर बसवायला ह्यांनी तीन दुर्बिणी मागवल्या (दोन परत करायच्या बोलीवर, पावत्या मी बायबलात ठेवल्यात). एक म्हणे तिन्हीसांजेला चांगली, दुसरीत नेमासाठी शिडीसारख्या खुणा, तिसरी लांबचं जवळ आणते. रोज ओसरीवर बसून हे रस्त्यापलीकडच्या चर्चच्या फळ्यावरचं वचन तिन्हींतून आळीपाळीने वाचायचे. (आत जाऊन ऐकायला दुर्बीण लागत नाही.) मी म्हटलं, "अहो, हरणाच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं." तर म्हणे, "आर्डिथ, आत उजेड किती येतो हा मुद्दा आहे." म्हटलं, "खिडकी पुसा, फुकट येईल."

शेजारचे वेंडेल यातले जाणकार. जाणकार ओळखायचा कसा, तर उजव्या भुवईवर अर्धचंद्र. डोळा दुर्बिणीला फार जवळ नेला की बार उडाल्याच्या धक्क्याने ती तिथेच आपटते. गेल्या रविवारी प्रार्थनेत मी असे सहा अर्धचंद्र मोजले. सातवा पाळकांचा, प्रवचन नम्रतेवर होतं.

शेवटी शनिवारी हे रानात गेले. चाळीस पावलांवर थोराड नर येऊन उभा राहिला. ह्यांना म्हणे त्याच्या पापण्या मोजता आल्या. चाप ओढला. फट्! नुसती ठिणगी पाडणारी टोपी फुटली. नळीत गोळी होती, बारूद नव्हती. हरणाने वळून पाहिलं आणि चालत निघून गेलं. पळालं असतं तरी ह्यांना इतकं लागलं नसतं. काल हंगाम संपला. वेंडेल कुंपणावरून ह्यांना ओरडतात, "काय हो व्हर्लिनराव, आज कॉफीत कॉफी घातली का?"

तुझी धाकटी,
आर्डिथ

ता. क. भाऊजींच्या फ्रीजरमधलं वीस पौंड मांस महिनाअखेरीपर्यंत पाठव. साठ माणसांपुढे नुसते बटाटे कसे वाढू?

ता. क. दुसरा. हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस. शिकारीच्या आदल्या दिवशी हे स्वयंपाकघरात बंदूक भरत होते. मापात बारूद घेतली आणि वेंडेलचा फोन आला म्हणून उठून गेले. मला वाटलं, उरलेली आहे, वाया कशाला घालवा; डब्यात परत ओतली आणि माप पुसून ठेवलं. ह्यांनी येऊन रिकामं माप पाहिलं, बारूद ओतून झाली असं धरलं आणि गोळी ठासली. आता वेंडेल म्हणतात, तिन्ही दुर्बिणींत डोळा गुंतून भरण्यावरचं लक्ष उडालं, दोष दुर्बिणींचाच. म्हणून हे बिनदोषाची चौथी मागवतायत. थांबवायचं तर खरं सांगावं लागेल. प्रभूजवळ सांगितलंय. चौथी येऊ दे.