अठरा किलो आठशे

२ मार्च, रविवार

पोहोचले एकदाची. दोन बॅगा, एक गादी, एक कुकर आणि मी. परराज्यात बिऱ्हाड मांडायला निघालेल्या बाईचा एवढासा पसारा पाहून टेम्पोवाल्यानं विचारलं, बाकीचं सामान मागून येतंय का. म्हटलं हो, आठ वर्षांचं आहे, परीक्षा संपली की येईल. माझी लेक ठकी आणि माझी आई तेरा एप्रिलला येताहेत. ठकीचे बाबा गेल्यापासून आम्ही तिघीच. सहा आठवडे एकमेकींवाचून राहायची ही पहिलीच वेळ.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, मोरीचा नळ ठिबकतो. मला एका जागी बसवत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत फरशी दोनदा पुसून झाली. ठकीची खाट कुठे लावायची तेही ठरलं.

आणि मुख्य गोष्ट. मागच्या खिडकीतून घोड्यांचं मैदान दिसतं. रपेट शिकवणारी शाळा आहे, पाटीच लावली आहे. लहानपणापासून माझ्या मनात होतं ते. आमच्या घरी घोडं यायचं ते फक्त बोलण्यात. मी घाई केली की आई म्हणायची, घोड्यावर बसून आलीस का. आता खरंच बसणार आहे. ठकीला फोनवर सांगितलं तर ती इतकी ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

४ मार्च, मंगळवार

कारखाना बरा आहे. इथे वजनकाटे बनतात, आणि बनलेला प्रत्येक काटा खरं बोलतो की नाही ते तपासायचं हे माझं काम. प्रमाण वजनं लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेली आहेत. ती उघड्या हातानं उचलायची नाहीत, बोटाच्या तेलानंही फरक पडतो. शेजारच्या टेबलावर दुरुस्तीचे काका बसतात. निवृत्तीला आले आहेत, पण जिभेची धार गेलेली नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, बाई, तुम्ही काटे तपासता की काटे तुम्हाला, सारख्या उभ्याच असता.

रोज सकाळी मोठा काटा आधी प्रमाण वजनांनी तपासायचा आणि मग स्वतः त्यावर उभं राहायचं, ही माझी जुनी सवय. अठ्ठावन्न किलो चारशे. गेली चार वर्षं हाच आकडा आहे. आई म्हणते, तुझ्या अंगाला काही लागत नाही.

८ मार्च, शनिवार

आज बसले. पाय अजून थरथरताहेत, पण असं सुख कित्येक महिन्यांत नव्हतं. शिकवणारे मास्तर साठीचे, बारीक, मोजकं बोलणारे. घोडे सांभाळणारा मोतद्दार त्यांच्याहून कमी बोलतो, जे काय बोलायचं ते घोड्यांशी. मला दिलेल्या घोड्याचं नाव लोड. नाव बरोबर आहे, त्याच्यावर टेकून झोपता येईल एवढा तो रुंद आहे. मास्तर म्हणाले, मांड सैल आहे, पण भीती नाही, शिकाल.

एक गोष्ट खटकली. रांगेत सगळ्यांच्या मागे एक करडी घोडी चालते. तिच्यावर खोगीर घातलेलं, पण स्वार नाही. मोतद्दार नुसता लगाम धरून तिला पूर्ण वेळ फिरवतो. घोड्यावर कुणी नसेल तर रिकिबी, म्हणजे पाय अडकवायच्या कड्या, वर गुंडाळून ठेवायच्या, नाहीतर त्या हलून पोटावर आपटतात, असं मास्तरांनी मला पहिल्याच तासाला शिकवलं. करडीच्या रिकिबी मात्र खाली सोडलेल्या असतात. आणि आखूडही आहेत, ठकीला पुरतील इतक्या.

१६ मार्च, रविवार

लोडनं आज दुडकी चाल धरली आणि मी पडले नाही. ठकीला फोनवर सगळं करून दाखवलं, खुर्चीवर बसून. तिनं तिकडे आजीच्या पाठीवर मांड ठोकली म्हणे. आजीनं मला चार शब्द सुनावले.

करडीच्या रिकिबी मी आज मुद्दाम पाहिल्या. त्या हलत नाहीत. घोडी चालते, खोगीर डुलतं, पण रिकिबी ओढून धरल्यासारख्या ताठ. मोतद्दाराला विचारलं, तर म्हणाला की रोज तिला असंच फिरवायचं असतं, मास्तरांचा नियम आहे, आणि बसायचं कुणी नाही. का, तर खांदे उडवले. माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला. वजनाच्या धंद्यातल्या माणसाला ताठ राहिलेली गोष्ट बघवत नाही, तिला काहीतरी ओढत असतं.

२२ मार्च, शनिवार

लोडचा पाय मुरगळला. मास्तर डॉक्टरांना आणायला गेले होते. मी आठवडाभर या एका तासाची वाट पाहिलेली, आणि मैदान मोकळं. करडी खोगीर घालून उभी. मोतद्दार पाणी आणायला गेला.

बसले. त्यात काय चोरी. रिकाम्या पारड्यावर काही ठेवायला आम्ही कुणाची परवानगी घेत नाही. रिकामं म्हणजे शून्य, आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. रिकिबी सहा भोकं खाली घेतल्या आणि दोन फेऱ्या मारल्या. काय चाल आहे तिची, पाण्यासारखी. उतरले तेव्हा घोडीनं एवढा लांब श्वास सोडला की मला हसूच आलं.

मोतद्दार बादली घेऊन परत आला आणि तिथेच उभा राहिला. रागावला नाही. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी पाहत होता. मग त्यानं करडीचं खोगीर उतरवलं, लगामही काढला. ती घोडी शेपटी उंच करून मैदानभर धावत सुटली. तिला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी येताना जिना जड गेला. दोन फेऱ्यांत एवढं अंग धरतं हे माहीत नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

सत्त्याहत्तर किलो दोनशे.

काटा बिघडला असं आधी वाटलं. प्रमाण वजनं ठेवली. वीस बरोबर, पन्नास बरोबर. उतरले, शून्य. चढले, सत्त्याहत्तर दोनशे. दुसरा काटा आणला, तोही तेच म्हणाला. काका म्हणाले, बाई, एकदम एवढं काय खाल्लंत. मी हसले. ते हसता हसता थांबले आणि विचारलं, पाठ दुखते का, वाकून का उभ्या आहात.

मी वाकून उभी नव्हते. म्हणजे मला तसं वाटत नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

चार दिवस. उपाशी राहून पाहिलं, पोटभर जेवून पाहिलं. माझं वजन शंभर-दोनशे ग्रॅमनं हलतं, माणसाचं हलणारच. त्यात पडलेली भर हलत नाही. अठरा किलो आठशे. प्रमाण वजनासारखी पक्की.

खुर्चीला टेकता येत नाही. टेकले की मध्ये काहीतरी राहतं. आज बसमध्ये मागच्या बाईंनी सांगितलं की जरा सरका, तुमच्या— आणि पुढे बोलल्याच नाहीत. पुढच्या थांब्यावर उतरून गेल्या.

बरगड्यांना दोन्ही बाजूंनी सारखी वळं उठली आहेत. टाचांनी दाबल्यासारखी.

२९ मार्च, शनिवार

मास्तरांना गाठलं. सोडलंच नाही. ते तबेल्याच्या दारातच उभे राहून बोलले, मला आत येऊ दिलं नाही. घोडे आत लाथा झाडत होते.

त्यांना एवढंच माहीत आहे. करडी त्यांनी विकत घेतली तीच अशी. विकणाऱ्यानं बजावलं होतं की हिला रोज खोगीर घालून फिरवा, बसलेल्याला फिरणं लागतं, आणि हिच्यावर कुणी बसू नका. ज्याच्यावर ते आहे त्याच्या पाठीवर दुसरं कुणी दोन्ही पाय उचलून बसलं, की उतरताना ते त्याच्याबरोबर उतरतं. दुसऱ्या कशानंही नाही. अकरा वर्षं घोडीनं वाहिलं. मी विचारलं, माणूस किती वर्षं वाहतो. ते म्हणाले, बाई, माणसाची पाठ आडवी नसते हो.

जाताना त्यांनी हात जोडले. तुम्ही आधी का सांगितलं नाही, असं ओरडावंसं वाटलं. पण नियम सांगितला होता. मीच शहाणी.

१ एप्रिल, मंगळवार

चालत राहिलं की ते शांत असतं. थांबले की टाच बसते. कारखान्यात दिवसभर येरझाऱ्या घालते. साहेबांनी रजा घ्या म्हणून सांगितलं.

शेजारणीचं मांजर पाठीवर येईल का म्हणून पाहिलं. जिन्यातच फुगून उलटं पळालं. शेजारणीची दोन वर्षांची मुलगी मात्र हात पसरून आली, घे म्हणाली. मी दार लावून घेतलं. दुसऱ्याच्या लेकरावर नाही. हे माझं आहे, मीच वाहीन.

फक्त ठकी. ठकी आल्या आल्या पाठीवर उडी मारते. जन्मापासूनची खोड.

३ एप्रिल, गुरुवार

आईला फोन केला. येऊ नका म्हटलं. कारण काय सांगणार. काम खूप आहे, घर नीट नाही, पाणी नाही, तोंडाला येईल ते बोलले.  आई म्हणाली, तू रडतेयस का. आणि अशी धापा का टाकतेस. मी म्हटलं चालतेय. ती म्हणाली, अर्धा तास झाला, कुठे चालली आहेस.

शपथ घातली तिला. येणार नाही म्हणाली. पण आवाज तिचा— मला तो आवाज माहीत आहे.

६ एप्रिल, रविवार, सकाळ

आल्या. न कळवता. पोरगी एकटी आजारी पडली आहे असं धरून आई आठवडाभर आधीच निघाली. परीक्षा कालच संपली होती.

मी मोरीत होते. ओणवी, नळाखाली पाना लावत, हाताला काम असलं की टाच कमी बसते म्हणून. दार नुसतं लोटलेलं. मागून पावलं ऐकू आली आणि चल रे घोड्या म्हणत—

दोन्ही पाय उचलून. मी किंचाळले, तशी घाबरून उतरली.

पाठ हलकी झाली. एकदम. आधी मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. पूर्ण एक श्वासभर मी सुखात होते.

६ एप्रिल, दुपार

तपासायला घरी आणलेला काटा आहे. मी, अठ्ठावन्न चारशे. ठकी शाळेच्या तपासणीत बावीस होती. आता चाळीस आठशे.

आईला सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग ठकीचा फ्रॉक वर करून बरगड्या पाहिल्या आणि खाली बसली. 

७ एप्रिल, सोमवार

ठकी खोलीत फेऱ्या घालतेय. थांबली की रडते. मला विचारते, आई, मी कधी उतरवू. काय ते तिला माहीत नाही, मी सांगितलेलं नाही. कालपासून तिची मान पुढे आली आहे. जेवताना ताटावर वाकते ती वर होत नाही.

आई म्हणाली, मी बसते तिच्यावर, मला दे ते, माझं आयुष्य झालं. आईचं वजन त्र्याहत्तर.

म्हणजे मीच. अठ्ठावन्न चारशे आणि ते अठरा आठशे. सत्त्याहत्तर दोनशे, बावीस किलोच्या पोरीवर. कुठली वस्तू किती भार सोसते ते सांगायचा मला पगार मिळतो. या पाठीचं उत्तर मला माहीत आहे— 

तीन दिवस जेवले नाही तर किती उतरेल. दोन किलो. तीन. तेवढे दिवस तिची मान—

८ एप्रिल

उभं राहता येत नाही तिला. हातापायांवर चालतेय. चालतेच आहे.

अर्धं वजन देऊन पाहिलं. एक पाय जमिनीवर. काही नाही. दोन्ही उचलावे लागतात, मास्तर बोलले तसे.

८ एप्रिल, दुपार

गाद्या घातल्या. पोटाखाली उशा, लोड, घरातलं मऊ ते सगळं. आई समोर बसून तिचे हात धरतेय. वही खाटेवर, लिहीत राहिले तरच पाय उचलवेल. एकच क्षण. दोन्ही पाय वर, लगेच खाली. एक आकडा मोजायलाही वेळ होणार नाही इतकंच—

ठकी म्हणते, आई बस ना, मी मोठी घोडी आहे.

एक पाय उचलला. कण्हली नाही. अजून कण्हली नाही. आई डोळे मिटून घे म्हणतेय, मी नाही मिटणार, मला तिची पाठ दिसली पाहिजे. आता दुसरा पा