नवरीच्या ताटातला पाला

रविवार, ४ तारीख

हरलो तर दोन वाक्यं. जिंकलो तर हवं तेवढं बोलायचं.

लेकीनं अशी पैज लावली आणि बायकोनं लगेच "मी साक्षीला!" म्हणून हात वर केला. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर मला कोंडीत पकडलं!

झालं असं. लग्नाच्या जेवणाचं ठरवायला आचारी आला होता. सॅलड आहे, पण त्यावरचं ड्रेसिंग सायीचं – पिंपातून येणारं. आणि लेकीला दूध सोसत नाही. चमचाभर पोटात गेलं तरी दिवसभर पोट धरून बसते. आचारी म्हणाला, "त्यात काय, नवरीला कोरा पाला देऊ की."

कोरा पाला! माझ्या मुलीला! तिच्याच लग्नात! पाहुण्यांनी साय ओरपायची आणि नवरीनं बकरीसारखं चघळत बसायचं!

मी टेबलावर मूठ आपटली. चमचे उडाले. "हे ड्रेसिंग घरी होतं, दुधाशिवाय होतं, आणि तुमच्या पिंपापेक्षा शंभर पटीनं चांगलं होतं. मी करून दाखवतो. सगळ्या पंगतीला पुरेल एवढं!"

आचारी घाबरून निघून गेला. घरातली माणसं घाबरत नाहीत.

"बाबा, तुम्हाला अंडं उकडता येत नाही."

"येत नसेल. तत्त्व कळतं."

"बरं. मग दोन आठवड्यांनी माझ्या सासूबाई जेवायला येणारेत. त्यांनी कुणी न सांगता ते तत्त्व दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तर लग्नात भाषण करा. नाहीतर दोन वाक्यं. तीही मी लिहून देईन."

विहीणबाईंच्या फ्रिजच्या दारात सायीच्या ड्रेसिंगच्या बाटल्या ओळीनं उभ्या असतात – मी डोळ्यांनी पाहिल्यात. म्हणजे न्यायाधीश आधीच फितूर!

पण लेकीनं अट घातली ती का, हे मला माहीत आहे. पुतण्याच्या लग्नात मी संपत्तीच्या विषम वाटपावर बोललो होतो. चांगलं बोललो होतो. सूप गार झालं, हे खरं. नवरीची आजी खुर्चीत झोपली, हेही खरं. पण वाढप्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या!

एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात दोन वाक्यं? आयुष्यभर परक्यांच्या सभा गाजवल्या त्या कशासाठी?

सोमवार, ५

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा हा एक फायदा – मालकाला वाचायला वेळ मिळतो. पाककलेचं कपाट उपसलं. तेल आणि आंबट यांचं मुळात पटत नाही. एकाला वर राहायचं असतं, दुसऱ्याला खाली. त्यांना एकत्र आणायचं तर मध्ये तिसरा लागतो – मोहरीची पेस्ट. आणि तेल हळूहळू, धारेनंसुद्धा नाही, थेंबाथेंबानं घालायचं.

म्हणजे हे तर संघटनेचं काम! यात मी हरणार?

मंगळवार, ६

हरलो.

लिंबू पिळलं, मोहरी घातली, मीठ, मिरपूड, लसूण ठेचून. एका हातानं काटा, दुसऱ्या हातानं तेल. सगळं रीतसर. फेटता फेटता लग्नाच्या भाषणाची तालीमही सुरू केली – वेळ वाया का घालवा? "मित्रहो, आज दोन घरं जोडली जात आहेत" इथपर्यंत थेंब थेंब छान चाललं होतं. घट्ट, पिवळं, चकचकीत. मग मी "पण घर म्हणजे काय?" असं विचारलं आणि माझा हात वर गेला. तेलाच्या बाटलीसकट.

निम्मी बाटली वाडग्यात. बाकीची बाहीवर.

वर तेलाचं तळं, खाली लिंबाचा गाळ. बायको दारात उभी होती. "अहो, तोंड मिटा आणि हात चालवा. दोन्ही एकदम तुम्हाला जमत नाही."

"जगात आजवर जे काही मोठं झालं ते बोलत बोलतच झालंय!"

"ओटा कोण पुसणार, ते बोला."

मी पुसला.

बुधवार, ७

पुन्हा फाटलं. या वेळी "समता" शब्दावर.

शनिवार, १०

तेलाला रजा दिली. तीळ आणले. भाजले, मिक्सरमध्ये फिरवत बसलो, त्यांना स्वतःचंच तेल सुटेपर्यंत. घरभर असा वास सुटला की शेजारीण विचारायला आली, "आज वहिनींनी काय केलंय?" वहिनींनी! मी दारातच तिला स्त्री-पुरुषांमधल्या कामाच्या वाटणीवर दोन गोष्टी सुनावल्या. ती म्हणाली, "भाऊ, गॅसवर काहीतरी करपतंय." कांदा होता. कांद्याचं माझ्या ड्रेसिंगशी काही नातं नव्हतं, तो बायकोचा होता. त्यावरून वेगळं ऐकून घेतलं.

पण तिळाची पेस्ट – वा! रेशमासारखी. उद्या लिंबू.

रविवार, ११

आज जे झालं ते कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. (नंतर सापडलं. पान पुढे उलटायचं राहिलं होतं.)

तिळाच्या पेस्टमध्ये लिंबू पिळलं आणि डोळ्यांदेखत तिचा चिखल झाला! मऊ होती ती गच्च. चमचा उभा राहायला लागला. आणखी लिंबू पिळलं – आणखी गच्च. भिंत लिंपावी असा गोळा.

वाडगा धाडकन सिंकमध्ये ठेवला. मग मला राहवेना. त्या वाडग्याला उद्देशून बोललो. आडमुठेपणावर बोललो. नवं काही आलं की आखडून बसणाऱ्यांवर बोललो. एकेका मुद्द्यासरशी चमच्यानं त्या गोळ्याला ढोसत होतो, कारण समोर टेबल नव्हतं. वरचा नळ आठवडाभर गळतोय – बायको रोज सांगते, दुरुस्त करा – तो टप टप त्यात गळत होता. मला भान नाही. मी आपला बोलतोय, ढोसतोय, बोलतोय –

आणि चमचा हलका झाला.

खाली पाहिलं. गोळा विरघळत होता. नळाखाली हातानं मोजून आणखी थोडं पाणी सोडलं, फेटलं. रंग उजळत गेला. पांढरं! गुळगुळीत! सायीला लाजवेल असं, आणि दुधाचा थेंब नाही! नुसतं गार पाणी!

मी असा ओरडलो की बायको चप्पल हातात घेऊन धावत आली. तिला झुरळ वाटलं.

तिनं बोट बुडवून चाटलं. पुन्हा बुडवलं.

"नळ?" तिनं विचारलं.

"आता त्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

मंगळवार, १३

आता हे शास्त्र झालं. चार चमचे तिळाची पेस्ट, एका लिंबाचा रस, लसणाची एक पाकळी – दोन घातल्या तर माणसं माझ्यापासून लांब उभी राहतात – चिमूटभर मीठ, जरा मध, मिरपूड. आधी आखडू द्यायचं. घाबरायचं नाही. मग गार पाणी, थोडं थोडं, चमचा सैल पडेपर्यंत. बारीक चिरलेली कोथिंबीर शेवटी.

बायकोनं दुपारी चोरून काकडीबरोबर खाल्लं. मी पकडलं. "चाखत होते," म्हणाली. वाडगा रिकामा झाला होता!

लेकीला द्यायला गेलो तर तिनं चाखलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. मग पटकन तोंड वाकडं करून म्हणाली, "ठीक आहे." कार्टी खोटं बोलते तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या लाल होतात. लाल होत्या. मला काय आनंद झाला!

रविवार, १८

निकालाचा दिवस. सकाळी टोपलीत हात घातला – एक लिंबू नाही! काल आठ होती. मी स्वतः आणली होती, निवडून.

बायकोवर संशय घेतला. ती शपथेवर नाही म्हणाली. दुकानं बंद, विहीणबाई आणि व्याही निघालेले. शेवटी फळांमधली दोन संत्री पिळली, आंबटपणाला व्हिनेगरचा थेंब. फेटलं – आणि एक शब्द बोललो नाही. बायको दर दोन मिनिटांनी डोकावून बघत होती, मला बरं आहे ना म्हणून.

जेवताना मी विहीणबाईंच्या काट्यावरून नजर हलवली नाही. व्याही त्यांच्या गॅरेजमधल्या एका गाडीची गोष्ट सांगत होते, कुठली ते मी ऐकलंच नाही. विहीणबाईंनी सॅलडचा घास घेतला. थांबल्या. पुन्हा घेतला. मग पानं संपली, तसा त्यांनी हात लांब केला आणि वाडग्यातून मोठा डाव भरून ताटात घेतला. कुणी न सांगता!

"कुठली बाटली हो ही?" त्या म्हणाल्या.

"माझी!" मी उभाच राहिलो.

"अहो, बसा," बायको म्हणाली, "लग्न पुढच्या रविवारी आहे."

सगळे हसले. लेक हसली नाही. खाली मान घालून काकडीचे तुकडे इकडून तिकडे सारत बसली.

पाहुणे गेल्यावर तिच्या खोलीत गॅसचं लायटर शोधायला गेलो – बायको तिथे ठेवते, का ते विचारू नये. कपाटात लिंबं होती. आठच्या आठ. तिच्या ओढणीत बांधलेली.

सोमवार, १९

लिंबं परत टोपलीत ठेवली. तिला काही बोललो नाही. बायकोलाही नाही. म्हणजे दिवसभरात मी काहीच बोललो नाही. दुकानात एकानं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

गंमत म्हणून लपवली असती तर मीही हसलो असतो. घरात आम्ही सगळेच नग आहोत. पण तिचा तो निकालाच्या वेळचा चेहरा. बाप बोलणार म्हणून एवढं वाईट वाटतं? लहानपणी माझ्या खांद्यावर बसून सभा ऐकायची ही. टाळ्या संपल्या तरी ती वाजवत राहायची. आता लाज वाटते.

वाटू दे. तिचं लग्न आहे, माझी सभा नाही.

मंगळवार, २०

तिला म्हटलं, "दोन वाक्यंच बोलेन. दे लिहून."

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "नको. पैज म्हणजे पैज. तुम्ही जिंकलात."

"अगं, मला मनापासून –"

"बाबा, बोला ना! हवं तेवढं बोला." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मला सगळ्या जगाचे हेतू कळतात. चौकातल्या गर्दीचा कल मी पहिल्या मिनिटात सांगतो. ही एक मुलगी कळत नाही.

गुरुवार, २२

भाषण कापतोय. "समता" काढली. "घर म्हणजे काय" काढलं. संपत्तीचं वाटप तर मी सुरुवातीलाच काढलं होतं – जवळजवळ.

शनिवार, २४

आचाऱ्याच्या स्वयंपाकघरात पातेलंभर ड्रेसिंग. होणारा जावई मदतीला आला होता – दातांचा डॉक्टर, शांत मुलगा, दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतःचं मिटलेलं ठेवतो. मी लिंबू ओतलं, सगळं दगड झालं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "आता?"

"आता पाणी," मी म्हटलं. "आणि धीर."

आचारी लांबून बघत होता. पातेलं सैल पडायला लागलं तसा जवळ आला. चमचा मागितला. चाटला. मग त्यानं सायीच्या पिंपाचं झाकण लावून टाकलं आणि पिंप मागच्या दारी नेऊन ठेवलं. मी विजयी मुद्रेनं जावयाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या मिशीला लागलंय."

भाषण आता पाच मिनिटांचं. पाचच. त्यात तिला लाज वाटेल असं काही ठेवलेलं नाही. वाचून पाहिलं तर त्यात मीही फारसा उरलेलो नाही.

रविवार, २५

नवरीनं सॅलड पोटभर खाल्लं. वाडगी रिकामी! मी उठलो, कोट सारखा केला. व्याह्यांनी माईक पुढे केला – आणि लेकीनं तो मधेच काढून घेतला. "बाबांच्या आधी मी. थोडंसंच."

थोडंसं! कॉफी गार झाली. माणसं हसली, मग गप्प झाली, मग विहीणबाईंनी डोळे पुसले. हातात कागद नाही, एक शब्द अडखळला नाही. वाढपी ट्रे हातात धरून जागच्या जागी उभे. ही कधी शिकली? कुठे शिकली? माझ्यासाठी बोलायला काहीच उरलं नाही. मी बोललो नाही. नुसता टाळ्या वाजवत राहिलो – सगळ्यांच्या थांबल्या तरी.

निघताना गळ्यात पडली तेव्हा कानात विचारलं, "मग मला का गं अडवत होतीस?"

"तुमच्यानंतर माझं कोण ऐकणार होतं, बाबा?"