पार्किंगमधला मधला खांब

२ मार्च
आजपासून मी सोसायटीचा अध्यक्ष. निवड बिनविरोध. दुसरं कुणी उभंच नव्हतं, पण विश्वास म्हणतात तो हाच. संकल्प : यापुढे बिल्डिंग उपविधींप्रमाणेच चालणार. उपविधींचं पुस्तक उशाखाली ठेवलं. बायको म्हणाली, डोक्यात ठेवलंत तर मान तरी दुखणार नाही.

५ मार्च, सकाळ
तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दारात. पार्किंगच्या मधल्या खांबाला तडा गेलाय म्हणे. लेखी द्या, म्हणालो. तोंडी तडा नियमात बसत नाही.

दुपार
लेखी दिलं. बाईंचं अक्षर सुरेख. खांब पाहून आलो. केसाएवढी रेघ. वय झालं की सुरकुत्या कुणाला चुकल्यात?

११ मार्च
आमच्या बाथरूमचं दार लागेना. आई म्हणते, दार जागेवरच आहे, भिंत सरकलीय. तिला हल्ली नीट दिसत नाही.

१४ मार्च
रेघेत आता बोट जातं. बाईंनी घालून दाखवलं. इंजिनिअर बोलवा, ऑडिट करा, म्हणाल्या. शांतपणे समजावलं : आधी सभा, सभेआधी नोटीस. बाई म्हणाल्या, तातडीचं काम समिती सभेशिवाय करू शकते, पुढचंच पान वाचा. म्हणालो, मी क्रमाने वाचतोय.
सभेची तारीख लावली : २८.

२० मार्च
लोक उगाच तडा बघत बसतात. त्यावर बोर्ड लावायला सुतार बोलावला. पहिल्याच खिळ्याला थाळीएवढं प्लास्टर खाली आलं. आतली सळई गंजून पापुद्रे सुटलेली. सुताराने हत्यारं गोळा केली आणि चहाही न घेता निघून गेला. हल्ली कामाची निष्ठाच राहिली नाही. बोर्ड दोरीने बांधला. त्यावर लिहिलं : 'खांबापाशी घोळक्याने चर्चा करू नये.'

२४ मार्च
जेवताना भिंतीतून कडकड आवाज. पेल्यातलं पाणी थरथरलं. बायकोने आईची औषधं बॅगेत भरली, आईला घेऊन भावाकडे निघाली. तुम्हीही चला, म्हणाली. अध्यक्षाने हलून कसं चालेल? त्यावर ती रडली. मला राग अपेक्षित होता.

२७ मार्च, सकाळ
खाली सोसायटीच्या ऑफिसात उद्याच्या सभेचा अजेंडा टाईप करतोय. जिन्यात गोंधळ. बाई दारोदार बेल वाजवून सगळ्यांना बाहेर काढतायत. विनानोटीस! समज द्यावी लागेल.

२७ मार्च, संध्याकाळ
समज द्यायला उठणार, तोच बाई आत आल्या. दंडाला धरून, वर्गाबाहेर काढावं तसं मला ओढत रस्त्यापलीकडे नेलं. मी कलम सांगत होतो. मागे खांब बसला. पुढची अर्धी बिल्डिंग गुडघे टेकावेत तशी खाली आली. मग नुसती धूळ.
सगळे वाचले. बाई माणसं मोजत होत्या. मला मोजलं आणि पुढे गेल्या. एकाने तरी शिवी द्यायची.

२ एप्रिल
मेव्हण्याच्या हॉलमध्ये मुक्काम. राजीनामा लिहिला. द्यायचा कुणाकडे, कळेना.
आईने विचारलं, घरी कधी जायचं रे? म्हणालो, लवकरच. मी बघतो सगळं.
ती म्हणाली, तू नको बघूस बाबा. सुनेला सांग.