चाकाखालचं लिंबू

डब्लिन, ओहायो
ऑगस्ट १९८६

प्रिय वसुधाताई,

तुझं लोणचं पोचलं. बरणी फुटली नाही, यंदा एवढंच काय ते धड झालं.

प्रताप खरंच एवढा मोठा माणूस आहे का, असं तू विचारतेस. या भागात आहे बाई माझा नवरा. इंजिनिअर म्हणून आला, हौसेनं एक मोडकी गाडी दुरुस्त केली आणि शनिवारी मातीच्या गोल ट्रॅकवर पळवायला लागला. दिसायला साध्या मोटारी, पण आत सगळं बदललेलं, आणि एकमेकींना घासत सुसाट सुटतात. पहिल्या शर्यतीआधी मी, नव्या गाडीला ठेवतात तसं, चाकाखाली लिंबू ठेवलं. तो जिंकला. मग काय, त्याचे गोरे मेकॅनिक मला लिंबाशिवाय ट्रॅकवर येऊ देईनात. लोक त्याला ‘लेमन’ म्हणायला लागले, मुलं लिंबांवर त्याच्या सह्या घ्यायची. वर्षानुवर्षं त्याच्यासमोर कुणी टिकलं नाही. मी घरी कुरकुरायचे आणि तिथे घसा बसेपर्यंत ओरडायचे.

अपघाताचं तुला कळवलं होतं, पुढचं नाही. डोक्याला मार पूर्वीही बसला होता, पण या वेळी जखम भरली आणि माणूस परत आला नाही. मला अदबीनं ‘मॅडम’ म्हणतो. शनिवार मात्र त्याला बरोबर कळतो. गराजमधल्या गाडीत जाऊन बसतो, लिंबू मागतो. मी ठेवते. गाडी हलत नाही. मग ते अख्खं लिंबू उचलून मी त्याला सरबत करून देते. डॉक्टरांना काही विचारायचं मी सोडलंय.

येत्या शनिवारी ट्रॅकवर त्याचा सत्कार आहे, आणि शर्यतीत त्याची गाडी आमचा मुलगा, विक्रम, चालवणार आहे. मी रडले, भांडले, जेवण सोडलं. डॅडला हेच आवडलं असतं, म्हणाला इंग्रजीत. आवडलंच असतं, तीच तर अडचण आहे. तो फक्त तुझं ऐकतो, पण तुमच्या शेजाऱ्यांचा फोन काही केल्या लागत नाही, आणि हे पत्र नागपूरला पोचेल तेव्हा शनिवार होऊन गेलेला असेल. तरी लिहितेय, कारण इथे हे सांगायला कुणी नाही. काल विक्रम स्वतः दुकानातून लिंबू घेऊन आला. ते माझ्या हातात ठेवून, आई, तूच ठेव, म्हणाला. कित्येक वर्षांत तो माझ्याशी मराठीत बोलला नव्हता. मी ठेवणार आहे, ताई.

तुझीच,
पद्मजा