ऑलसॉपबाईंना वास येतो

आदरणीय बार्नबीदादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे हंफ्रीचा, गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार. (त्याच्या खाली वाकता येत नाही. गाडीखाली झोपून झोपून कंबर धरली आहे.)

ताजी बातमी अशी की माझी गाडी काल जत्रेला गेली आणि परतही आली. हे मी म्हणतो म्हणून खरं मानू नका. शेजारच्या ऑलसॉपबाईंनी ते स्वतः पाहिलं आहे, आणि त्या चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या बाई, खोटं बोलायचं तर त्यांना आठवडाभर सराव करावा लागेल. वाद आहे तो मधल्या काही पावलांचा. त्याकडे येतो. तुमचा संधिवात काय म्हणतो? डेव्हनची दमट हवा त्याला मानवणार नाही, असं मी तुम्ही घर घेतलं तेव्हाच म्हणालो होतो. असो. वहिनींच्या कोंबड्या कोल्ह्याच्या हाती लागल्या नाहीत ना? इकडे लिंकनशरमध्ये सगळं ठीक. बेरिलची तब्येत उत्तम आहे. माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घसाही बरा आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी पियानोचे सूर जुळवण्याच्या कामातून निवृत्त झालो तेव्हा गाडीचे सुटे भाग खोक्यांतून मागवले आणि गॅरेजमध्ये जोडायला घेतले. (तुम्ही तेव्हा म्हणाला होता, 'तयार गाड्याही मिळतात.' बेरिल हे वाक्य अजून जेवताना म्हणते.) सांगाडा झाला, इंजिन बसलं, मग पेट्रोलची व्यवस्था आली आणि तिथेच बेरिलचा धीर सुटला. ती ज्या हातघंटा मंडळात (हातातल्या घंटा सुरात वाजवणाऱ्या बायकांच्या) आहे, त्यातल्या आठही बायका गेली काही वर्षं आमच्या बैठकीच्या खोलीत सराव करतात, आणि त्यांना गॅरेज हवं आहे. तिने अट घातली: जत्रेच्या दिवशी मला या गाडीतून, कुणीही न ढकलता, मैदानापर्यंत ने आणि परत आण. जमलं तर गॅरेज तुझं. नाही जमलं तर गॅरेज घंटांचं, आणि गाडी लेस्टरची. लेस्टर म्हणजे आमच्या गाडीजोड्या क्लबातला माझा मित्र. मित्र म्हणतो खरा, पण हा माणूस माझी गाडी स्वतःच्या अंगणात मावते का ते बघायला मोजपट्टी घेऊन दोनदा येऊन गेला आहे.

आता टाकीचं ऐका. टाकी सुरेख, चकचकीत, पण तिचं तोंड एकीकडे आणि गाडीच्या अंगातलं पेट्रोल ओतायचं भोक दुसरीकडे. दोघांना जोडणारी रबरी नळी काही केल्या चढेना. शेवटी तुम्ही नाताळात बेरिलला पाठवलेलं लॅव्हेंडरचं हाताचं क्रीम लावलं आणि ती लोण्यासारखी सरकली. (उत्तम क्रीम आहे.) इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप मी पुढे, इंजिनाशेजारी, सगळ्यांना दिसेल असा बसवला होता. लेस्टर म्हणाला, "अरे, या पंपाला ढकलता येतं, ओढता येत नाही. आपल्या क्लबच्या सेक्रेटरीसारखं आहे त्याचं. मागे टाकीपाशी, खाली बसव." बसवला. टाकीत पेट्रोल किती आहे हे दाखवणारा काटा मात्र मी उलटा जोडला आहे, हे फार उशिरा कळलं. तो रिकाम्या टाकीला भरलेली आणि भरलेल्या टाकीला रिकामी म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवून डब्यामागून डबा ओतत राहिलो, आणि पेट्रोल गळ्याशी आलं तेव्हाच थांबलो.

पण इंजिन सुरू झालं, दादा! पंप टकटक करायला लागला (कानाला गोड, जरासा बेसूर), आणि गाडी अशी गुरगुरली की बेरिलसुद्धा दारात येऊन "हं" म्हणाली. आठवडाभर मी रोज संध्याकाळी ती सुरू करून नुसता ऐकत बसायचो. मग एके दिवशी ऑलसॉपबाई कुंपणापाशी आल्या आणि हसून म्हणाल्या, "मिस्टर पिक्सली, तुमच्या गाडीचा वास हल्ली अगदी माझ्या झोपायच्या खोलीपर्यंत येतो हं."

आता आपली माणसं तुम्ही ओळखता. आपल्याकडे बुडणारा माणूसही 'जरा ओलसर आहे' एवढंच म्हणतो. त्यात एका विधवा बाईने हसून 'खोलीपर्यंत' म्हणणं म्हणजे वकिलाची नोटीस पोचल्यासारखंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. मला माफी मागायला लावली म्हणून त्यांनी माझी मागितली. मी जॅमची बरणी पाठवली, त्यांनी प्लमचा केक पाठवला, आणि कुणीच वासाचं नाव काढलं नाही. मी मात्र वास शोधून काढला. टाकीच्या माथ्यावरून एक बारीक नळी निघते आणि तिचं टोक नेमकं त्यांच्या कुंपणाकडे लोंबत होतं. ही नळी कशासाठी असते ते माहितीपत्रकात होतं, पण त्या पानावर क्रीम सांडलं होतं. मी घरच्या पार्सनिपच्या (त्या पांढऱ्या गाजरांच्या) वाइनचं एक बूच कापलं आणि नळीच्या तोंडात ठोकून बसवलं. वास बंद. शेजारधर्म पाळल्याच्या समाधानात मी झोपलो.

जत्रेचा दिवस. गाडीला अजून नंबर मिळालेला नाही, म्हणून एका शेतकऱ्याच्या खासगी गाडीवाटेने निघालो. बेरिल टोपी घालून शेजारी, मांडीवर जत्रेतल्या स्पर्धेसाठीचा केक. पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्याला पंपाचा सूर चढला, इंजिन खोकलं आणि गाडी बंद पडून बसली. जत्रेला चालत निघालेलं अर्धं गाव शेजारून गेलं. कुणी म्हणून गाडीचं नाव काढलं नाही. प्रत्येकाने टोपीला हात लावून हवा छान असल्याचं सांगितलं. थोड्या वेळाने किल्ली फिरवली तशी गाडी सुरू झाली, जराशी गेली, पुन्हा बसली. बेरिल पुढे बघत म्हणाली, "केक शिळा होईपर्यंत पोचू ना?" शेवटी मैदानाच्या फाटकात, भोपळ्यांच्या तंबूसमोर, ती कायमची बसली, आणि घंटा मंडळाच्या बायकांनी बाह्या सरसावून तिला आत ढकललं. (उतार होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

लेस्टर धावत आला. त्याने काही न विचारता टाकीचं झाकण फिरवलं, आणि टाकीने असा मोठा श्वास आत ओढला की तंबूतली माणसं बाहेर आली. "अरे, हिचा श्वास कोंडलाय!" तो गाडीखाली वाकला आणि बूच काढून उंच धरलं. "पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला नको का? हे कुणी लावलं?"

बेरिलने माझ्याकडे पाहिलं. दादा, खरं सांगितलं असतं तर गॅरेज तिथल्या तिथे वाचलं असतं. गाडी बिघडली नव्हती, मीच तिचं नाक दाबलं होतं, आणि तेही शेजारणीसाठी. पण ऑलसॉपबाई दोन हातांवर उभ्या होत्या, हातात स्वतःच्या फुलांची परडी. आख्ख्या गावासमोर त्यांना कसं सांगायचं, की बाई, तुमच्या नाकापायी हे झालं? मी म्हणालो, "खोक्यातून असंच आलं."

"पार्सनिपच्या वाइनचं बूच?" लेस्टर म्हणाला. "कारखान्यातून?"

मी म्हणालो, हवा छान आहे.

परत येताना गाडी वाऱ्यासारखी आली, एकदाही न थांबता. पण बेरिलचं म्हणणं, ढकललं ते ढकललं. लेस्टर सोमवारी गाडी न्यायला येतो आहे. घरातले वडील म्हणून निवाडा तुम्ही करावा, एवढीच विनंती.

आपला आज्ञाधारक,
हंफ्री पिक्सली

ता. क. निवाडा निःपक्षपाती असावा. बेरिल फोन करेल तेव्हा एवढंच म्हणा, की तुमच्या रेल्वेच्या नोकरीत उतारावर ढकललेला डबा ढकललेला धरत नसत. धरत असले तरी म्हणा.

ता. क. २. त्या क्रीमची आणखी एक ट्यूब पाठवाल का? तिला अजून कळलेलं नाही.

दादा, मी बेरिल. पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, यावरून ओळख. क्रीमचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. गाडीला लॅव्हेंडरचा वास येत होता. निवाड्याची तसदी घेऊ नकोस. आज चर्चनंतर ऑलसॉपबाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, गाडीला काही झालंय का, वास का येत नाही? त्यांचा नवरा वॉल्टर जन्मभर मोटारसायकली खोलत बसायचा. तो गेल्यापासून त्यांचं गॅरेज रिकामं आहे. आठवडाभर त्या मुद्दाम खिडकी उघडी ठेवून झोपत होत्या, हे हंफ्रीला सांगावं म्हणून कुंपणापाशी आल्या, तर हा माफी मागून पळाला.

तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं आहे: गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये, घंटा आमच्या. लेस्टरला मी येऊ नकोस म्हणून कळवलं आहे. हंफ्रीला अजून काही माहीत नाही. बाई उद्या चहाला येऊन त्याला स्वतः विचारणार आहेत. त्यांना उगाच त्रास नको म्हणून तो तासभर तरी नको नको म्हणत राहील. मग अंधार पडायच्या आत, कुणी बघत नाही असं पाहून, गाडी घेऊन जाईल.