आधी जिना, मग घर

मी, खाली सही करणारी, कपडे शिवून हे दुमजली घर उभं केलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते तापलेलं आहे, हे मी स्वतःच सांगते.

१. घराविषयी. बांधलं तेव्हा तीन पायऱ्या चढून आत यावं लागे, आता दोन उतरून यावं लागतं. सगळं शहर बोअरचं पाणी उपसतं, जमीन खचते, आणि नगरपालिका रस्त्यावर थरावर थर चढवते. थोरला म्हणतो, "घर खचलं नाही आई, रस्ता वर आलाय." पाण्याला दोन्ही सारखंच, बाबा.

२. खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला. पण अट आहे. जिन्यात चपला कोणाच्या, यावरून दोघे भांडले आणि थोरल्याने आतला जिना विटांनी बुजवला. धाकट्याने बाहेरून लोखंडी जिना लावला. गेल्या पावसाळ्यात अमावस्येच्या उधाणाला पाणी कमरेपर्यंत आलं आणि बाहेरच्या जोराने दार उघडेना. थोरला, मोठी सून, नात आणि मी कापड बेतायच्या टेबलावर चढून उभे होतो. वरून धाकटा ओरडत होता, "आई, दार उघड ना!"

"उघडत असतं तर उघडलं नसतं का रे मेल्या!"

त्याची पावलं डोक्यावर ऐकू येत होती. पाणी आपणहून ओसरलं म्हणून वाचलो. तेव्हा जिन्यातली भिंत पाडल्याशिवाय दोघांनाही घर मिळणार नाही. माझ्यानंतर महिन्याभरात ती पडली नाही तर घर विकून पैसे नातीच्या नावे ठेवावेत. घेणाऱ्याला पाणी कुठवर येतं ते आधी दाखवावं.

३. शिवणयंत्र मोठ्या सुनेला. त्याचे पाय विटांवर आहेत, तसेच राहू द्यावेत. मोठी कात्री धाकट्या सुनेला. त्या दिवशी तिने चादर फाडली, गाठी मारल्या आणि खिडकीतून नातीसाठी दूध खाली सोडलं. माझ्या पोटच्या दोघांना एवढंही सुचलं नाही.

४. माझे गमबूट नगरपालिकेच्या इंजिनीयरसाहेबांना. ते नेहमी रस्त्यावर उभे राहूनच पाहणी करतात. एकदा हे घालून आत उतरावं.

५. नात लहान आहे, तिला पोहता येत नाही. मला दुसरी कसलीही भीती नाही, फक्त तिची वाटते. हातोडा आणि छिन्नी मी आणून ठेवली आहे, यंत्राच्या खणात आहे. मी जिवंत असतानाच भिंत पाडलीत, तर हा कागद फाडून टाकीन आणि घर त्याच दिवशी दोघांच्या नावे करीन. पाणी काही माझ्या मरणाची वाट पाहत बसणार नाही.

हे सगळं दोन्ही मुलांना समोर बसवून वाचून दाखवलं.

साक्षीदार: शेजारच्या नर्सबाई, कोपऱ्यावरचा प्लंबर
सही: दोघांची आई
ठिकाण: खालचा मजला, बुजवलेल्या जिन्यासमोर
दिनांक: अमावस्येचा आदला दिवस