माझ्या पायाचा बाक

३ मार्च २०२५
उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज आठ आठवडे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "पुस्तकात छापावा असा सांधा बसलाय, मॅडम." छापा खुशाल. चालायचं मला आहे. सांगितलं, पाऊल टाकलं की आतून ओढतं, गुडघा माझा वाटतच नाही. तर म्हणे, व्यायाम कमी पडतोय. दिवसातून तीनदा करते! तीस वर्षं शाळेत पोरांच्या तक्रारी ऐकून घेतल्या मी. हा माणूस दोन मिनिटं ऐकत नाही.

८ मार्च
शेजारच्या बनुबाई आल्या. "बाई, पाय लई सरळ झाला की. आता फेंगडं न्हाई म्हनायचं कुनी." उजवा सरळ, डावा पहिल्यापासून बाहेर वाकलेला – तो तसाच. अंगणात चार पावलं टाकली तरी एका अंगाला कलते. आणि लोक कौतुक करतायत.

१९ मार्च
व्यायाम केले. दुखलं.

२ एप्रिल
लेक रेश्माने नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहेत, पण समजावून सांगतात. कागदावर पाय काढून दाखवला. काही सर्जन खुब्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेषा धरून त्या रेषेत गुडघा बसवतात – जुनी, खात्रीची पद्धत. काही जण माणसाचा मूळचा बाक थोडाफार राखतात, म्हणजे हाडं बांधून ठेवणारी लिगामेंट ओढली जात नाहीत.
"मग माझं ऑपरेशन चुकलं का?"
"तसं नाही म्हणता येणार. दोन्ही पद्धती चालतात. सरळ पायाची सवय व्हायला काहींना वर्षही लागतं."
चुकलं नाही, हे ऐकून राग आणखीच वाढला. दोन वाटा होत्या आणि मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शिंप्याकडे ब्लाउज टाकला तर तो गळा कसा हवा ते विचारतो. इथे माझं हाड कापलं.

३ एप्रिल
हे जेवताना म्हणाले, "झालं ते झालं. डावाही तसाच करून घे, दोन्ही सारखे होतील." मी ताटावरून उठले.

७ एप्रिल
डाव्या पायाच्या ऑपरेशनची तारीख आधीच वीसला ठरलेली आहे. त्याआधी सोक्षमोक्ष लावायचा म्हणून रिक्षा करून एकटीच पहिल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "पाय सरळ करायचा की बाक राखायचा, हे मला का नाही विचारलंत?"
डॉक्टर गोंधळले. फाईल चाळली. "विचारलं होतं, मॅडम. तुम्ही रक्त तपासायला खाली गेला होतात. मिस्टर म्हणाले, सरळच करा, चारचौघांत बरं दिसेल."
"पाय त्यांचा आहे का?"
त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "तुमच्यासाठी थांबायला हवं होतं. चुकलं माझं."
वीसची तारीख मी तिथेच रद्द केली.

८ एप्रिल
यांना विचारलं. नाकारलं नाही. "तुझ्याबरोबर चालताना मला अवघडल्यासारखं व्हायचं," एवढंच बोलले.
बाजारात, लग्नकार्यात हे कायम दहा पावलं पुढे. एकेचाळीस वर्षं मी समजत होते, यांची चालच भरभर आहे.